आटे पाडायचा टॅप कसा निवडावा? हुनर शिकणाऱ्या मुलांसाठी सविस्तर माहिती

बीडाच्या कास्टिंगवर जी कामं होतात, त्यात टॅपिंग बहुतेक वेळा शेवटी येतं. ओतकाम झालं, मशीनिंग झालं, ड्रिल मारून झालं, आणि मग त्या भोकात आटे पाडायचे. इथे टॅप मोडून आत अडकला की आधीच्या सगळ्या माणसांची मेहनत त्या एका भोकात अडकते. जॉब रिजेक्ट होतो. ज्याच्या हातात टॅप होता त्याच्यावर बोट दाखवलं जातं, आणि तो बहुतेक वेळा नवीन पोरगा असतो.

कोल्हापुरात ही गोष्ट छोटी नाही. उद्यमनगरातली वर्कशॉप, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या वसाहती, पुढे कागल-हातकणंगलेची पंचतारांकित वसाहत, इचलकरंजीतले यंत्रमाग दुरुस्त करणारे मिस्त्री, आणि गल्लोगल्लीची गॅरेजं. आपल्या समाजातली कितीतरी मुलं दहावीनंतर आयटीआयला फिटरला जातात, नाहीतर थेट एखाद्या उस्तादाच्या हाताखाली लागतात. शाळेत आम्ही त्यांना भूमितीतला कोन आणि व्यास शिकवतो. तोच कोन आणि तोच व्यास त्यांच्या हातातल्या टॅपवर असतो, पण तो वाचायला त्यांना कुणी बसून शिकवत नाही. म्हणून हा लेख.

सर्वसाधारण समज असा की टॅप मोडतो तो जोर जास्त लागल्यामुळे. हे अर्धंच खरं आहे. जोर जास्त लावावा का लागला, हा खरा सवाल आहे. भोक लहान होतं, टॅप बोथट होता, धातूला चालणारा टॅप नव्हता, सेटमधला चुकीचा टॅप आधी घातला किंवा हँडल वाकडं धरलं, यापैकी काहीतरी असतं. यातल्या बहुतेक गोष्टी आटे पाडायला बसण्याआधीच, टॅप आणि ड्रिल निवडताना ठरतात.

आधी शब्द नीट करून घेऊ

घरात आपण ‘चुडी’ म्हणतो, मराठीत ‘आटे’ म्हणतात, जुन्या पुस्तकांत ‘मळसूत्र’ लिहिलेलं सापडतं आणि ड्रॉइंगवर ‘थ्रेड’ असतं. चारही एकच. उर्दूत स्क्रूला ‘पेच’ म्हणतात आणि मराठीत पेच म्हणजे अडचण. आटे नीट बसले नाहीत की दोन्ही अर्थ एकदम खरे होतात.

भोकाच्या आत आटे पाडतो तो टॅप. सळईवर बाहेरून आटे पाडते ती डाय. या लेखात फक्त हाताने चालवायच्या टॅपबद्दल बोलू.

टॅपचे चार भाग ओळखता आले पाहिजेत. वरचा चौकोनी टोक, ज्यात हँडल बसतं. त्याखालची गोल दांडी, जिच्यावर माप कोरलेलं असतं. मग आट्यांचा भाग, ज्यात उभ्या खाचा म्हणजे फ्ल्यूट असतात. चिप त्या खाचांत साठते आणि तेलही तिथूनच खाली उतरतं. आणि सगळ्यात खाली निमुळता भाग, जिथले आटे मुद्दाम घासून कमी केलेले असतात. खरं कापण्याचं काम हाच निमुळता भाग करतो. वरचे पूर्ण आटे टॅपला सरळ वाट दाखवतात.

पहिला सवाल: आटा कुठल्या जातीचा?

दुकानात जाऊन ‘आठ नंबरचा टॅप द्या’ म्हणणं पुरेसं नाही. आट्याला तीन गोष्टी असतात: बाहेरचा व्यास, पिच म्हणजे एका आट्यापासून पुढच्या आट्याचं अंतर, आणि आट्याचा कोन.

आज नवीन कामात बहुतेक ठिकाणी मेट्रिक आटे असतात. त्यांचा कोन ६० अंश. टॅपवर ‘एम १० × १.५’ असं लिहिलेलं असेल तर व्यास १० मिलिमीटर आणि पिच दीड मिलिमीटर. पिच लिहिलेलीच नसेल तर तो नेहमीचा जाड आटा समजायचा.

जुन्या यंत्रांवर मात्र इंचाचे आटे भेटतात. इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये आट्यांचं एक ठरावीक माप सुचवलं. त्याचा कोन ५५ अंश. बीएसडब्ल्यू म्हणतात ते हेच. आपल्याकडे १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापं आली, पण त्याआधीची आणि नंतरही काही वर्षांची यंत्रं अजून चालू आहेत. जुनी ऑइल इंजिनं, उसाचे चरक, माग, लेथ. त्यामुळे मिस्त्री लोकांच्या तोंडी अजून सूत आहे. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तीन सुताचा बोल्ट म्हणजे ३/८ इंच, चार सुताचा म्हणजे अर्धा इंच.

घोळ होतो तो इथे. अडीच सुताचा बोल्ट म्हणजे ५/१६ इंच, व्यास ७.९४ मिलिमीटर. एम ८ चा व्यास ८ मिलिमीटर. डोळ्यांना फरक दिसतच नाही. पण एम ८ ची पिच १.२५ आहे आणि अडीच सुताच्या बीएसडब्ल्यूला इंचात १८ आटे, म्हणजे पिच साधारण १.४१. एकाच्या भोकात दुसऱ्याचा बोल्ट दोन-तीन आटे जातो आणि मग अडतो. तेव्हा पाना लावून जोर केला की भोकाचे आटे गेलेच.

अर्ध्या इंचातही असाच सापळा आहे. बीएसडब्ल्यूला इंचात १२ आटे आणि अमेरिकन यूएनसीला १३. मेट्रिकमध्येही एम १० दोन पिचमध्ये सर्रास मिळतो, १.५ आणि १.२५. मोटारसायकल आणि कारच्या कामात १.२५ वारंवार लागतो.

नळाच्या आट्यांची भाषा तर आणखी वेगळी. ‘अर्धा इंच बीएसपी’ म्हटलं तरी त्या आट्याचा बाहेरचा व्यास जवळजवळ २१ मिलिमीटर असतो, कारण अर्धा इंच हे माप मुळात पाइपच्या आतल्या पोकळीवरून आलेलं आहे. हायड्रॉलिकच्या कामात लागणारा पाव इंच बीएसपी मोजला तर १३.१६ मिलिमीटर भरतो. व्हर्नियर लावून बोल्टचा टॅप शोधणारा इथे हमखास फसतो.

म्हणून टॅप घ्यायच्या आधी पिच गेज हातात हवा. पत्र्याच्या पात्यांचा हा छोटा जुडगा असतो. योग्य पातं आट्यात उजेडाची फट न ठेवता बसतं. पिच गेज नसेल तर खात्रीचा बोल्ट घेऊन त्याचे आटे दुसऱ्या बोल्टच्या आट्यांत अडकवून बघायचे. पूर्ण लांबीभर बसले तर जात एक. आणि टॅपवर ‘एलएच’ असेल तर तो उलट्या आट्यांचा आहे, तो चुकून घेऊ नका.

दुसरा सवाल: सेटमधला कुठला टॅप कधी?

हाताचे टॅप बहुधा तीनच्या सेटमध्ये येतात. पहिल्याला टेपर म्हणतात, दुसऱ्याला सेकंड, तिसऱ्याला प्लग किंवा बॉटमिंग. पण सेट दोन प्रकारचे असतात, आणि हा फरक फार थोडे लोक सांगतात.

एका प्रकारात तिन्ही टॅपचा व्यास सारखाच असतो. फरक फक्त निमुळत्या भागाचा. टेपरला सात ते दहा आटे निमुळते, सेकंडला तीन ते पाच, बॉटमिंगला एक-दोन. अशा सेटमध्ये भोक आरपार असेल तर एकटा टेपरही पूर्ण आटा पाडून देतो. फक्त तो पुरता पलीकडे निघाला पाहिजे.

दुसऱ्या प्रकारात व्यासच वाढत जातो. पहिला टॅप उथळ आटा पाडतो, दुसरा थोडा खोल आणि तिसरा पूर्ण. या सेटची खूण दांडीवर असते: पहिल्यावर एक गोल रेघ, दुसऱ्यावर दोन रेघा, तिसऱ्यावर रेघ नाही. बारीक पिचचे सेट कधी दोनच टॅपचे असतात, तेव्हा एक रेघवाला पहिला आणि बिनरेघेचा शेवटचा.

या दुसऱ्या प्रकारात पहिलाच टॅप फिरवून ‘झालं’ म्हणालात तर बोल्ट आत जाणारच नाही. आणि पहिले दोन सोडून थेट तिसरा घातला तर तिघांचं काम एकट्यावर पडतं. छोट्या मापात तो मोडणारच. सेटमधला एक टॅप हरवला म्हणून बाजारातून कुठलाही एक आणून भरती करायची सवय याच कारणाने महागात पडते. व्हर्नियरने तिन्हींचा व्यास मोजला की सेट कुठला ते लगेच कळतं.

तिसरा सवाल: टॅप कशाचा, आणि जॉब कशाचा?

बाजारात साध्या कार्बन स्टीलचे आणि हायस्पीड स्टीलचे टॅप मिळतात. हायस्पीडवर ‘एचएसएस’ कोरलेलं असतं. कार्बन स्टीलचा टॅप पितळ, ॲल्युमिनियम किंवा एखाद-दुसऱ्या घरगुती कामाला चालून जातो. गंजलेले आटे साफ करायलाही चालतो. पण ज्याची रोजी यावर आहे, त्याने एचएसएसच घ्यावा. त्याची धार जास्त दिवस टिकते आणि धार टिकली की जोर कमी लागतो.

आता जॉबचा धातू.

बीड: ग्रे कास्ट आयर्नचा भुगा पडतो, लांब चिप निघत नाही. म्हणून हे काम कोरडंच करतात. तेल घातलं तर भुग्याची लेई होते आणि ती टॅपला घासत राहते. भुगा वरचेवर झाडायचा. मात्र बीडाच्या पातळ कडेला किंवा कोपऱ्यात कधी धातू लवकर थंड होऊन फार कडक होतो. ड्रिल मारतानाच किंचाळल्यासारखा आवाज येतो आणि ड्रिल पुढे सरकत नाही. अशा भोकात टॅप घालायच्या आधी सुपरवायझरला दाखवा. ती चूक कास्टिंगची असते, पण टॅप मोडल्यावर ती तुमची ठरते.

एसजी आयर्न: दिसायला बीडासारखंच, पण चिवट. याला कटिंग ऑइल लावावं.

माइल्ड स्टील: कटिंग ऑइल हवंच. इंजिनातून काढलेलं काळं ऑइल कटिंग ऑइल नव्हे.

ॲल्युमिनियम: टॅपला चिकटतं. रॉकेल किंवा पातळ कटिंग ऑइल चांगलं. गॅरेजमध्ये इंजिनाचं केसिंग याचंच असतं.

पितळ: कोरडं किंवा नाममात्र तेल.

स्टेनलेस: हाताने करायचं सगळ्यात अवघड. घासत राहिलं तर जागच्या जागी कडक होत जातं. धारदार एचएसएस टॅप, चांगलं गंधकयुक्त कटिंग ऑइल आणि थोडं मोठं भोक, या तीन गोष्टी नसतील तर हात घालू नये.

चौथा सवाल: भोक आरपार की बंद?

आरपार भोकात चिप खाली पडून जाते. बंद भोकात ती तळाशी साठते, टॅप तिच्यावर टेकतो आणि नवीन पोराला वाटतं अजून आटे पडायचेत. तो आणखी पिळतो, आणि टॅप मोडतो.

बंद भोकासाठी दोन गोष्टी लागतात. एक, सेटमध्ये तिसरा म्हणजे बॉटमिंग टॅप असलाच पाहिजे. दोन, ड्रिल आट्यांच्या खोलीपेक्षा जास्त खोल मारलेलं हवं. साधारण पाच पिच जास्त धरावं. एम १० ला १५ मिलिमीटर आटे हवे असतील तर ड्रिल २२-२३ मिलिमीटरपर्यंत जावं. मग टॅपच्या दांडीवर रंगाची किंवा चिकटपट्टीची खूण करायची, म्हणजे तळ कधी आला ते डोळ्यांना दिसतं.

आटे किती खोल हवेत याचाही अंदाज असावा. स्टीलमध्ये बोल्टच्या व्यासाइतके आटे पुरतात. बीडात सव्वा ते दीडपट धरतात, ॲल्युमिनियममध्ये दीड ते दुप्पट.

दुकानात काही टॅपच्या खाचा वळणदार दिसतील. नागमोडी खाचेचा स्पायरल टॅप चिप वर ओढतो, म्हणून बंद भोकाला चांगला. टोकाला तिरकी खाच असलेला गन टॅप चिप पुढे ढकलतो, म्हणून आरपार भोकाला. दोन्ही मुख्यतः मशीनसाठी बनलेले आहेत. हाताच्या कामाला, आणि बीडाला तर नक्कीच, सरळ खाचेचा सेटच बरा. खाचा नसलेला किंवा अगदी बारीक खाचेचा टॅप दिसला तर तो फॉर्म टॅप. तो कापत नाही, धातू दाबून आटा उठवतो. त्याला भोक मोठं लागतं आणि बीडात तो चालत नाही.

पाचवा सवाल: ड्रिल किती मापाचं?

टॅप घेतला आणि त्याचं ड्रिल घेतलं नाही, तर अर्धीच खरेदी झाली. मेट्रिकचा हिशोब तोंडपाठ करण्यासारखा सोपा आहे: व्यासातून पिच वजा करा.

एम ३ × ०.५: ड्रिल २.५
एम ४ × ०.७: ड्रिल ३.३
एम ५ × ०.८: ड्रिल ४.२
एम ६ × १: ड्रिल ५
एम ८ × १.२५: ड्रिल ६.८
एम १० × १.५: ड्रिल ८.५
एम १० × १.२५: ड्रिल ८.८
एम १२ × १.७५: ड्रिल १०.२
एम १६ × २: ड्रिल १४
एम २० × २.५: ड्रिल १७.५

सुताच्या कामासाठी बीएसडब्ल्यूची मापं अशी: दोन सूत म्हणजे पाव इंचाला ५.१, अडीच सुताला ६.५, चार सुताला १०.५ मिलिमीटर.

या हिशोबाने आट्याची सैद्धांतिक उंची पूर्ण भरत नाही, साधारण पाऊण भरते. मुलांना वाटतं भोक आणखी लहान ठेवलं तर आटा आणखी पक्का होईल. तसं होत नाही. मजबुती थोडीशीच वाढते, टॅपवरचा जोर मात्र फार वाढतो. उलट नेहमीच्या ६एच मापात भोकाला थोडी सूट असते. एम ६ चं भोक ५.१५ पर्यंत, एम ८ चं ६.९ पर्यंत, एम १० चं ८.६७ पर्यंत चालतं. कडक धातूत ही सूट वापरणं शहाणपणाचं आहे. पण सूट आहे म्हणून ‘हाताला आलं ते ड्रिल’ नको. एम १० ला ९ चं ड्रिल मारलं तर टॅप सहज फिरेल, बोल्टही बसेल, आणि टॉर्क देताना आटे सोलून येतील. ते भोक एखाद्या गाडीच्या ब्रेकचं असेल, तर प्रश्न एका जॉबपुरता राहत नाही.

ड्रिलचं मापही डोळे झाकून मानू नका. हाताने धार लावलेल्या ड्रिलच्या दोन कडा सारख्या नसतील तर भोक मापापेक्षा मोठं पडतं. टाकाऊ तुकड्यावर एक भोक मारून व्हर्नियरने मोजायला मिनिटभर पुरतो.

हँडल: दुर्लक्षित पण महत्त्वाचं

छोट्या टॅपला मोठं हँडल लावणं म्हणजे टॅप मोडायची तयारी. एम ३ ते एम ५ साठी छोटं टी-हँडल घ्यावं. त्यात बोटांनीच जोर लागतो, आणि तेवढाच पुरतो. एम ६ ते एम १२ साठी दोन दांड्यांचं, मधला चौकोन कमी-जास्त होणारं हँडल चालतं. जबडा टॅपच्या चौकोनावर घट्ट बसतो का, हे दुकानातच टॅप घालून बघा. ढिला बसला तर चौकोनाचे कोपरे झिजतात.

गॅरेजमध्ये घाईत फिक्स पाना किंवा स्क्रू पाना लावून टॅप फिरवतात. त्यात जोर एकाच बाजूने येतो, टॅप वाकतो, आणि टॅपला वाकणं अजिबात सहन होत नाही. तो कडक आहे म्हणूनच कापतो, आणि कडक आहे म्हणूनच मोडतो.

आटे पाडताना

भोकाच्या तोंडाला मोठ्या ड्रिलने हलकी खोल कड पाडून घ्या, म्हणजे पहिला आटा फुटत नाही. जॉब व्हाइसमध्ये सरळ आणि घट्ट. टॅप भोकात ठेवून दोन्ही हातांनी सारखा दाब देत दोन फेरे फिरवा. मग हँडल काढून गुण्या लावा, आधी एका बाजूने, मग काटकोनातल्या दुसऱ्या बाजूने. वाकडा असेल तर इथेच मागे काढून पुन्हा सुरुवात करता येते. चार-पाच आटे गेल्यावर वाकवून सरळ करायला गेलात तर टॅप मोडेल. ज्यांना रोज एकाच मापाचं काम आहे, त्यांनी लोखंडाच्या जाड ठोकळ्यात टॅपच्या मापाचं सरळ भोक मारून ठेवावं. तो ठोकळा जॉबवर धरला की टॅप आपोआप सरळ उतरतो.

एकदा टॅपने धातू पकडला की खाली दाबायचं नाही, तो स्वतः उतरतो. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. मागे फिरवताना चिप तुटल्याचा बारीक झटका हाताला कळतो. बंद भोकात मधून मधून टॅप पूर्ण बाहेर काढून भोक साफ करा. हवेने भुगा उडवताना डोळ्यांवर गॉगल हवाच, कारण चिप उलट तोंडावरच येते.

शेवटी तपासणी. कारखान्यात गो आणि नो-गो असा प्लग गेज असतो. गो बाजू पूर्ण आत गेली पाहिजे, नो-गो बाजू दोन फेऱ्यांपेक्षा जास्त जाता कामा नये. गेज नसेल तर नवा, स्वच्छ बोल्ट बोटांनी शेवटपर्यंत गेला पाहिजे, आणि हलवल्यावर खडखडता कामा नये.

मोडलाच तर

आधी थांबायचं. सबर इथे कामाला येतो. मोडलेल्या टॅपवर साधं ड्रिल मारू नका. टॅप ड्रिलइतकाच कडक असतो, ड्रिल घसरून बाजूचा धातू खातं आणि भोक कायमचं जातं.

टॅपचं टोक वर दिसत असेल तर पकडीने मागे-पुढे हलवत काढता येतं. आत असेल तर टॅप एक्स्ट्रॅक्टर मिळतो. त्याची बारीक बोटं टॅपच्या खाचांत बसतात. तुकडे झालेले असतील तर मात्र तो चालत नाही. किमती जॉब असेल तर स्पार्क इरोजन मशीनवर मोडका टॅप जाळून काढतात आणि भोकाचे आटेही बहुधा वाचतात. नवीन कास्टिंग टाकण्यापेक्षा हे स्वस्त पडतं का, एवढं विचारून बघायला हरकत नाही.

जॉब पितळेचा आणि टॅप बारीक असेल, तर घड्याळजींची जुनी युक्ती आहे: तुरटीचं गरम पाणी. तुरटी पोलाद हळूहळू खाते, पितळेला फारसं काही करत नाही. वेळ लागतो, आणि जॉबला पोलादाचा दुसरा कुठलाही भाग लागलेला नसावा. बीडाच्या किंवा स्टीलच्या जॉबला ही युक्ती लावली तर जॉबच खाल्ला जाईल.

आटे खराब झाले असतील तर भोक मोठं करून त्यात तारेची स्प्रिंग, म्हणजे हेलिकॉइल, बसवतात. तिचा टॅप वेगळा असतो. ॲल्युमिनियमच्या केसिंगमध्ये ही दुरुस्ती मूळ आट्यांपेक्षा कमी ठरत नाही.

पहिली खरेदी काय करावी?

पालक हौसेने मुलाला चाळीस नगांची चकचकीत पेटी घेऊन देतात. त्यात टॅप, डाय, हँडल सगळं असतं, पण बऱ्याचदा प्रत्येक मापाचा एकच टॅप, आणि तो एचएसएस नसतो. निम्मी मापं कधी लागतच नाहीत.

त्यापेक्षा आमचा सल्ला असा. एम ६, एम ८ आणि एम १० हे तीन एचएसएस सेट आधी घ्या. प्रत्येकाबरोबर त्याचं ड्रिल दोन-दोन नग. एक चांगलं हँडल, एक पिच गेज, एक गुण्या. गॅरेजचं काम असेल तर एम १० × १.२५ आणि ऑइलच्या बोल्टसाठी वारंवार लागणारा एम १२ × १.५ पुढच्या पगारात जोडा. मागाचं किंवा जुन्या इंजिनाचं काम असेल तर अडीच, तीन आणि चार सुताचे बीएसडब्ल्यू. गरजेप्रमाणे वाढवत नेलेली पेटी जास्त बरकतीची असते.

टोटेम, ॲडिसन अशी नावं दुकानात ऐकू येतील. एमके हे टॅप तर आपल्या महाराष्ट्रातच, नागपूरला बनतात. नाव कुठलंही घ्या, पण दांडीवर माप, पिच आणि एचएसएस हे स्वच्छ कोरलेलं आहे का, निमुळत्या भागाच्या कडा उजेडात धरल्यावर चमकत तर नाहीत ना, हे बघा. धारदार कड उजेडात दिसत नाही. पांढरी रेघ चमकली की धार गेलेली समजा. जुना टॅप घेताना तर ही तपासणी हवीच. आणि बिल घ्या.

घरी आणल्यावर टॅप एकमेकांवर आपटतील असे डब्यात टाकू नका. लाकडाच्या ठोकळ्यात भोकं पाडून उभे ठेवा, सेटचे तिन्ही शेजारी, आणि समोर ड्रिलचं माप लिहा. काम झालं की पुसून तेलाचा हात.

राहिला उस्तादाचा भाग. शागिर्दाने विचारलं की ‘हा कुठला आटा, कितीचं ड्रिल?’ तर काही ठिकाणी त्याला हसतात. ज्या वर्कशॉपमध्ये हसत नाहीत, तिथे टॅप कमी मोडतात. वरचा मापांचा तक्ता जाड कागदावर लिहून ड्रिल मशीनच्या शेजारी चिकटवला, तर विचारायचीही गरज उरत नाही. मुलांनो, तो तक्ता तुम्हीच स्वच्छ अक्षरात लिहा. एकदा लिहिलात की अर्धा पाठ होईल.